पिकअप गाडीची उंची किती वाढवावी?

रायगड जिल्ह्यातील तळा हे गाव तळगडाच्या पायथ्याशी वसलेले आहे. मुंबई–गोवा महामार्ग इंदापूरपाशी सोडला म्हणजे तेथून तळ्यापर्यंत डांबरी सडक आहे; पुढे कुड्याच्या लेण्यांकडे आणि मांदाडच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटेनेही सामान्य मोटार सुखाने जाते. प्रश्न उपस्थित होतो तो डांबर संपते तेथे. डोंगराच्या कुशीतील आंब्या-काजूच्या बागा, टेकाडापलीकडील वाड्या आणि ओढ्याकाठची भातखाचरे यांच्याकडे जाणारे रस्ते बहुधा लोकांनी व पाण्याने मिळून तयार केलेले असतात, आणि त्यांत पाण्याचा वाटा अधिक असतो. कोकणच्या या भागात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात नीट केलेली वाट भाद्रपदात पाहावी तर मधला मातीचा उंचवटा तेवढा शिल्लक राहिलेला आणि दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या वीतभर खोल गेलेल्या, असे तिचे रूप असते.

ज्या घरांतील कर्ती मंडळी नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई-पुण्यास राहतात आणि बागेच्या निमित्ताने गावाशी संबंध राखून आहेत, अशा घरांत अलीकडे पिकअप जातीची, चारही चाकांना ओढ देणारी गाडी घेण्याकडे कल दिसतो. तिला बोलीत ‘फोर बाय फोर’ म्हणतात. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून आपल्याकडे विकली जात आहे. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परची ओळख तर खेडोपाडी जुनीच आहे. पुढे पाच माणसे, मागे हौद, आणि हौदात खताच्या गोणी किंवा आंब्याच्या पेट्या, अशी ही दुहेरी सोय असते. गाडी घेतल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात तिचे पोट कोठे तरी घासते, आणि मग घरात एक नवा शब्द प्रवेश करतो. तो म्हणजे ‘लिफ्ट किट’. गाडी जमिनीपासून अधिक उंच उभी राहावी म्हणून बसवावयाच्या स्प्रिंगा, पाटे, शॉक ॲब्सॉर्बर आणि ठोकळे यांच्या संचास हे नाव आहे. विकणारा विचारतो, “दोन इंच की चार इंच?” वस्तुतः हा प्रश्न सर्वांत शेवटी यावयास हवा.

सर्वांत आधी विचारावयाचे ते असे, की गाडीचे जमिनीला लागते काय? घासणे ही एकच क्रिया दिसत असली तरी तिचे प्रकार निराळे आहेत आणि प्रत्येकावरचा उपायही निराळा आहे. चाकोरीतून जाताना मधला उंचवटा मागच्या आसाच्या गोळ्यास, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी घरास लागतो. बांध ओलांडताना पुढची चाके उतरली आणि मागची अद्याप चढावयाची आहेत अशा क्षणी पोट, म्हणजे दोन आसांमधला चासीचा भाग टेकतो. ओढ्यात उतरताना पुढचा बंपर रुततो; ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर, त्याखालचा जोडखांब अथवा सुटे चाक मातीत शिरते. ज्याला यांतील आपले दुखणे कोणते हे ठाऊक नाही, त्याने किट घेणे म्हणजे नाडी न दाखवता औषध घेणे होय.

नाडी पाहण्याची रीत सोपी आहे. गाडीच्या खालच्या अंगास, म्हणजे मागच्या गोळ्यावर, चासीच्या आडव्या पट्ट्यांवर, टाकीच्या संरक्षक पत्र्यावर आणि बंपरांच्या खालच्या कडांवर पातळ चुन्याचा हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि नेहमीच्या भारासह नेहमीच्या वाटेने वाडीपर्यंत एकदा जाऊन यावे. चुना जेथे पुसला गेला तेथे रोग आहे. एक्झॉस्टच्या नळीस मात्र चुना लावू नये; ती तापते. ही परीक्षा रिकाम्या गाडीने करण्यात अर्थ नाही, कारण पिकअप गाडी रिकामी असते तेव्हा तिचा मागचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असतो आणि भार पडला की तो बसतो. हौदात पाचशे किलो आणि आत चार माणसे असताना मागचा बंपर किती खाली येतो, हे बहुतेक मालकांनी कधी मोजलेले नसते. एक फूटपट्टी, सपाट जागा आणि पाच मिनिटे एवढ्यावर हे काम भागते. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांपाशी आधी रिकाम्या आणि नंतर भरलेल्या गाडीत मोजून वहीत लिहून ठेवावे. पुढील सर्व हिशोब याच आठ आकड्यांवर उभा राहतो.

आता किट नेमके काय उचलते, ते पाहावयाचे. या गाड्यांच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र झुलण्याची योजना आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. मागे मात्र बैलगाडीच्या काळापासून चालत आलेला अखंड आस आणि त्याच्यावर कमानीचे पाटे असतात. लांब स्प्रिंग आणि अधिक वाकाचे पाटे बसवले की चासी, इंजिन, हौद आणि माणसे वर जातात. पुढचा डिफरन्शियल चासीलाच जोडलेला असल्यामुळे तोही वर जातो. परंतु मागचा गोळा चाकांच्या आसावरच आहे. तो होता तेथेच राहतो. चार इंच खर्च केले तरी तो केसभरही हलत नाही! ज्याचा चुना मागच्या गोळ्यावर पुसला गेला आहे, त्याला लिफ्ट किटचा या बाबतीत काडीइतकाही उपयोग नाही. आस उंच करण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. आणि तोही आपल्या वाढीच्या निम्माच लाभ देतो.

उदाहरणार्थ, २५५/६५ आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २६५/७० आर १७ घातला तर व्यास ८०३ होतो. वाढ ४० मिलिमीटरांची, पण आस वर जातो तो २० मिलिमीटर, कारण उरलेली वीस आसाच्या वरच्या अर्ध्या भागात गेली. हे २० मिलिमीटर फुकट मिळत नाहीत. वेगदर्शक काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ च्या वेगाने धावत असेल. प्रत्येक गिअर शेकडा पाचांनी लांबल्यासारखा होईल, म्हणजे तळ्याच्या चढावर इंजिनाला अधिक कष्ट पडतील. आणि सुकाणू पूर्ण वळवले असता टायर आतल्या पत्र्यास लागेल की काय, हे पाहावे लागेल. पुष्कळ वेळा दोन इंचांचे किट घेतले जाते ते चासी उचलण्यासाठी नव्हे, तर या टायरला जागा करून देण्यासाठी. तसे असेल तर ते उघडपणे तसे समजून घ्यावे.

किटांमध्ये एक प्रकार असा आहे की ज्यात चासी आणि वरचे धड यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. त्याने केवळ धड उंच होते. चासी, पोट, आस सारे पूर्वीच्याच जागी राहते. गाडी उंच दिसते, टायरला जागा मिळते आणि घासण्याचे सर्व प्रकार पूर्ववत् चालू राहतात. तळ्यासारख्या ठिकाणी या प्रकाराचा विचार करण्याचे कारण नाही. दुसरा स्वस्त प्रकार म्हणजे पुढच्या स्प्रिंगेच्या माथ्यावर धातूची किंवा प्लास्टिकची जाड चकती आणि मागे पाटे व आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. थोड्या उंचीसाठी, हलक्या वापरासाठी आणि चांगल्या धातूचा असेल तर हा मार्ग अगदीच टाकाऊ नाही. मात्र पुढचे शॉक ॲब्सॉर्बर जुनेच राहिल्यामुळे चाक खड्ड्यात खाली सुटताना ते आपल्या शेवटच्या टोकाशी लवकर आदळतात. मागचा ठोकळा जितका उंच तितका आस पिळवटण्याची प्रवृत्ती वाढते. एकावर एक दोन ठोकळे रचणे हा तर निव्वळ अविचार होय. पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा घालण्याची रीत आपल्या गॅरेजांना पूर्वापार माहीत आहे. तिने उंची मिळते, पण रिकामी गाडी दगडासारखी उडू लागते, आणि पाठीमागे बसलेल्या वृद्धांच्या कण्यास ते चांगले जाणवते. सर्वांत महाग आणि सर्वांत समंजस मार्ग म्हणजे पुढे योग्य ताठपणाच्या लांब स्प्रिंगा, मागे संपूर्ण नवी पाट्यांची जुडी आणि चारही बाजूंना त्या उंचीस जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर.

‘योग्य ताठपणा’ या शब्दांत निवडीचा सगळा मर्म आहे. स्प्रिंग उंचीने निवडावयाची नसते, भाराने निवडावयाची असते. चांगले उत्पादक एकाच गाडीसाठी आणि एकाच उंचीसाठी पाट्यांच्या दोन-तीन निरनिराळ्या जुड्या देतात: एक बहुतेक रिकाम्या फिरणाऱ्या गाडीची, एक सतत दोन-तीनशे किलो वाहणाऱ्या गाडीची, एक त्याहून जड भाराची. ज्याची गाडी वर्षातील दहा महिने माणसांसाठी आणि केवळ चैत्र-वैशाखात आंब्यासाठी धावते, त्याने जड भाराची जुडी घेतली तर दहा महिने अंग खिळखिळे होईल. अशा घराने मधली जुडी घ्यावी आणि हंगामापुरती हवेच्या मदतनीस फुग्यांची जोड द्यावी, हे बरे. आणि येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताठ पाटे बसवल्याने गाडीची भार वाहण्याची कायदेशीर मर्यादा वाढत नाही. ती मर्यादा आस, ब्रेक, टायर आणि चासी या सर्वांवर मिळून ठरलेली असते. पाटे बसत नाहीत म्हणून गाडीवर ओझे नाही असे मानणे म्हणजे ताप मोजण्याची नळी फोडून ताप गेला म्हणण्यासारखे आहे.

उंचीचा मोह मनुष्यास कोठून जडला, याचे उत्तर कदाचित जुन्या जीपमध्ये सापडेल. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप त्या युद्धानंतर आपल्याकडे आली, मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली, आणि जेथे बैल थकत तेथे ती जाई असा तिचा लौकिक झाला. पण ती जीप विशेष उंच नव्हती. तिचे जमिनीपासूनचे अंतर पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२० मिलिमीटर होते. आजच्या पिकअप गाड्यांचेही जवळपास तेवढेच असते. जीपचे रहस्य तिच्या आखूडपणात होते. तिच्या दोन आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३० मिलिमीटर. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सचे ३०९० च्या घरात. बांध ओलांडताना पोट टेकणार की नाही हे या दोन मापांच्या प्रमाणावर ठरते. ढोबळ हिशोब केला तर जीप सुमारे २४ अंशांचा कंगोरा पोट न टेकता ओलांडील. तितकीच उंच पण लांब पिकअप १६ अंशांवरच टेकेल. दोन इंच उचलल्यास ती जवळजवळ २० अंशांपर्यंत येते, हा लाभ खरा आहे. परंतु तिला जीपची बरोबरी करावयाची तर पोट साडेचार इंचांहून अधिक उचलावे लागेल, आणि तेवढी उंची दिलेली गाडी कशी वागते ते पुढे पाहूच. लांब गाडीने आखूड गाडीचे काम उंचीच्या बळावर करावयास जाऊ नये. बांधाच्या कंगोऱ्यावर दोन्ही बाजूंना चार-चार पाट्या दगड-माती टाकून चढ सौम्य केला तर त्यास खर्चही कमी येतो आणि शेजाऱ्याच्या बैलगाडीचीही सोय होते.

या सर्वांत ज्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे ती गोष्ट आता आली. डोंगराच्या कुशीतील वाटा बहुधा एका अंगास कललेल्या असतात. वरच्या बाजूस दरड, खालच्या बाजूस खाचर किंवा पऱ्या. अशा वाटेवर गाडी पुढे-मागे नव्हे, आडवी कलते. गाडी आडवी उलटणार की नाही, हे दोन मापांवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग आणि भारासह गाडीच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. नमुन्यादाखल एक गाडी कल्पू. तिच्या चाकांमधील अंतर १५५० मिलिमीटर, वजन २००० किलो, गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर. ती स्थिर उभी असताना सुमारे ४८ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. तिला दोन इंचांचे किट बसवले. चाके व आस जागीच राहून वरचे अंग तेवढे उचलले गेल्याने गुरुत्वमध्य ७४० च्या आसपास येईल आणि मर्यादा ४६ अंशांवर उतरेल. दोनच अंश गेले. यात भय वाटण्याजोगे काही नाही.

पण ही गाडी रिकामी आहे. तिच्या हौदात ६०० किलो आंब्याच्या पेट्या थरावर थर रचून अशा भरल्या की त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १२०० मिलिमीटरवर आला. आता किट नसतानाही मर्यादा ४४ अंशांच्या खाली गेली. म्हणजे चुकीच्या रीतीने भरलेल्या पेट्यांनी किटाच्या दुपटीहून अधिक नुकसान केले. किट आणि उंच रचलेल्या पेट्या दोन्ही एकत्र आल्या तर मर्यादा ४२ वर येते. हे आकडे उभ्या, न हलणाऱ्या गाडीचे आहेत. चालत्या गाडीत खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, वरची सुटते, खालचे चाक एखाद्या खड्ड्यात जाते आणि वरचे दगडावर चढते, दोरी सैल असेल तर पेट्याही खालच्या बाजूस सरकतात. म्हणून प्रत्यक्षात अपघात या मर्यादेच्या पुष्कळच आधी घडतो. उलटपक्षी, तीच उंच केलेली गाडी वरचे थर काढून ४०० किलोंवर भरली आणि पेट्या घट्ट बांधल्या, तर ती किट नसलेल्या पण शिगोशीग भरलेल्या गाडीपेक्षा अधिक सुरक्षित ठरते. ज्या घरास बागेतून माल काढावयाचा आहे त्याने किटाचा निर्णय घेताना त्याच बैठकीत पेट्यांच्या थरांचाही निर्णय घ्यावा, आणि तो गाडी हाकणाऱ्यास व माल भरणाऱ्यास स्पष्ट सांगावा. दोन खेपांऐवजी एका खेपेत काम उरकण्याची घाई हंगामात प्रत्येकास असते. दुपार टळलेली असते, आडतीला माल पोचवावयाचा असतो. हीच ती वेळ.

उंचीचे इतर परिणाम गाडीच्या पोटात दडलेले असतात. पुढची चाके स्वतंत्र झुलणारी असल्याने त्यांना ओढ देणाऱ्या दांड्यांच्या टोकांस कोन घेणारे सांधे असतात, त्यांना सीव्ही जॉइंट म्हणतात. गाडी उचलली की हे सांधे नेहमीच्या चालीतही वाकलेले राहतात, त्यांची रबरी टोपणे लवकर फाटतात, आणि फाटलेल्या टोपणातून कोकणची तांबडी माती आत गेली की सांधा फार दिवस टिकत नाही. सुमारे ४० ते ५० मिलिमीटरपर्यंत हा त्रास बहुधा आटोक्यात राहतो. त्यापुढे जावयाचे तर डिफरन्शियल खाली घेणे, वरचे बाहू बदलणे अशी एकातून दुसरी कामे निघत जातात. पुढच्या चाकांचा कॅस्टर नावाचा कलही कमी होतो, आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताना सुकाणू आपणहून सरळ येण्याचे विसरते. म्हणून किट बसविल्यावर चाकांची जुळवणी यंत्रावर करून घेणे अपरिहार्य आहे, आणि त्या यंत्राचा छापील कागद जपून ठेवणेही इष्ट आहे.

याहून कमी माहितीची पण अधिक गंभीर गोष्ट ब्रेकची. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या आसापाशी एक झडप असते. चासी आणि आस यांमधील अंतरावरून तिला गाडी भरलेली आहे की रिकामी ते समजते आणि त्याप्रमाणे ती मागच्या चाकांना कमी-अधिक ब्रेक देते. किटामुळे हे अंतर वाढले की भरलेली गाडीही त्या झडपेला रिकामी भासते. ती मागचा ब्रेक आखडता घेते, आणि घाट उतरताना सारा भार पुढच्या ब्रेकांवर पडतो. त्या झडपेचा दांडा नव्या उंचीस जुळवून घ्यावा लागतो. किट बसविणाऱ्या कारागिरास मालकाने पहिला प्रश्न हाच विचारावा. उत्तर देताना तो अडखळला, तर गाडी तेथून परत न्यावी. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, हातब्रेकची तार आणि चाकांच्या वेगमापक तारा चाक पूर्ण खाली सुटले असता ताणल्या जात नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहण्याजोगे आहे. दिव्यांची दिशाही पुन्हा लावून घ्यावी, नाही तर इंदापूरच्या सडकेवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रकाश जाईल.

कोणास वाटेल की ओढ्याच्या पाण्यासाठी तरी उंची हवीच. त्यात तथ्य थोडे आहे. हवा घेण्याचे तोंड दोन इंच वर जाते खरे, पण आसांच्या आतील हवा सोडणाऱ्या नळ्या आहेत तेथेच राहतात, आणि वाहत्या पाण्याचा जोर उंचीस जुमानत नाही. दोन फूट खोल वाहते पाणी पिकअप गाडीसही ढकलून नेण्यास पुरेसे असते. साकवावरून पाणी चालले असेल तर थांबावे; पऱ्याचे पाणी चढते तसे पाऊस थांबल्यावर लवकर उतरतेही. त्याचप्रमाणे चिखलात रुतणे हा पकडीचा दोष आहे, उंचीचा नव्हे. तांबड्या चिखलाने नक्षी भरून गेलेला गुळगुळीत टायर चार इंच उंच केलेल्या गाडीसही जागीच फिरवीत ठेवतो. पुष्कळ घरांना किटाहून आधी खोल नक्षीच्या टायरांची गरज असते, मग ते मूळ मापाचेच का असेनात.

कायद्याचे अंगही विसरून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळातील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईस कठोरपणे उचलून धरले. आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने परवानगीवाचून असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अमेरिकेतील वा ऑस्ट्रेलियातील मंडळी दोन इंचांबद्दल निर्धास्तपणे बोलतात, कारण ऑस्ट्रेलियातील नियमांत पन्नास मिलिमीटरपर्यंतच्या वाढीस काही अटींवर मुभा आहे. ती मुभा समुद्र ओलांडून येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी पेण येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी व लेखी उत्तर घ्यावे. अपघात घडल्यावर विमा कंपनीचा तपासनीस गाडीखाली वाकून पाहतो, आणि तेव्हा “सगळेच बसवतात” हे उत्तर उपयोगी पडत नाही. उत्तर नकाराचे आले तर मार्ग खुंटला असेही नाही. थकलेले, बसलेले पाटे आणि स्प्रिंगा उत्पादकाच्याच मापाच्या नव्या बसविल्या, तर जुन्या गाडीस तिची हरवलेली उंची परत मिळते; भार घेऊन सहा-सात पावसाळे काढलेल्या पिकअपला एवढ्यानेच बराच गुण येतो. पोटाखाली जाड पोलादी संरक्षक पत्रा लावता येतो. मागच्या बंपरखालचा जोडखांब गरज नसेल तेव्हा काढून ठेवता येतो.

आणि उंचीची किंमत जे रोज मोजतात त्यांचे मत बहुधा कोणी विचारीत नाही. हौदाचा कठडा दोन-अडीच इंच वर गेला, की बागेतील गडी प्रत्येक पेटी तेवढी अधिक उचलतात, आणि हंगामात अशा पेट्या शेकड्यांनी असतात. गणपतीस घरी आलेल्या आजीस पायरी चढताना आधीच दोघांचा हात लागतो. नव्या उंचीने तिसऱ्याचा लागेल. रुबाबदार गाडी अंगणात उभी आहे आणि आजी रिक्षाने देवळात जात आहे, हे दृश्य कोकणात अगदीच दुर्मिळ नाही. बाजूस रुंद पायरी लावता येते, पण ती खाली लोंबते आणि बांधावर तीच पहिली घासते.

हे सर्व जमेस धरून एखाद्या घराने ठरविलेच, की चुना पोटावर पुसला जातो, बांध आपल्या हद्दीतला नसल्याने सौम्य करता येत नाही, आणि लेखी परवानगीही हाती आहे, तर निवड फारशी अवघड राहत नाही. भरलेल्या गाडीची मागची बैठक मूळ रिकाम्या उंचीच्या जवळ राहील आणि पुढची बाजू चाळीस-पन्नास मिलिमीटरांहून अधिक चढणार नाही, अशा बेताने स्प्रिंगा, पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उत्पादकाचे, एकमेकांसाठी आखलेले घ्यावेत. काम फाल्गुनात करून घ्यावे. वैशाखातील फेऱ्यांत जे सैल व्हावयाचे ते सैल होते आणि पावसाआधी हाती लागते. पाटे आसाशी आवळणारे यू-बोल्ट पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरांनंतर पुन्हा ठराविक जोराने आवळावेच लागतात. नंतर तीच जुनी वही काढून चारही चाकांपाशी पुन्हा मोजावे, रिकामी असताना आणि भरलेली असताना, आणि नवे आठ आकडे जुन्यांच्या शेजारी लिहावेत. मग मृग लागण्यापूर्वी एकदा, नेहमीच्याच भाराने आणि त्याच वाटेने, पोटाला पुन्हा चुना लावून वाडीपर्यंत जाऊन यावे.